पंचनाम्याबाहेरची हवा

गारपीट झाली की चारआठ दिवसांत तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक बांधावर येतात. गट नंबर विचारला जातो, मोबाइलवर फोटो निघतात, किती गुंठे आणि किती टक्के हे कागदावर चढते. नुकसान 33 टक्क्यांच्या आत बसले तर मदतीच्या यादीत नाव येत नाही. तीस आणि पस्तीस यांच्यामधल्या त्या चिंचोळ्या जागेत गावोगाव केवढी हमरीतुमरी होते, हे खेड्याशी नाते असलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तरीही गारपिटीचे नुकसान निदान डोळ्यांना दिसते. आडवा झालेला गहू दिसतो, फुटलेले द्राक्षमणी दिसतात. भांडायला हातात पुरावा असतो.

मला बोलायचे आहे ते उभ्या पिकाबद्दल. जानेवारीत हिरवेगार दिसणारे पीक, रोग नाही, कीड नाही, पाण्याच्या पाळ्या वेळेवर, आणि तरी मळणीला पोती कमी भरतात. शेतकरी म्हणतो बियाणे फसवे निघाले. दुकानदार म्हणतो खताची मात्रा चुकली. शेजारी म्हणतो पेरणीला उशीर झाला. यातले काहीही खरे असू शकते. पण हवेचे नाव कोणी घेत नाही. हवेने केलेले नुकसान आपल्याकडे नेहमी दुसऱ्याच कोणाच्या तरी नावावर चढते, आणि बहुतेक वेळा ज्याचे नुकसान झाले त्याच्याच. शेतात जे घडते तेच माणसाच्या छातीतही घडते. म्हणून प्रदूषण, हवामानबदल, आरोग्य आणि अन्न हे चार वेगळे विषय मानण्याची आपली सवय मला घातक वाटते. हा एकच हिशेब आहे, आणि तो कुठेच लिहिला जात नाही.

आधी शेतातला हिशेब. आकाशात वीसपंचवीस किलोमीटरवरचा ओझोन आपले रक्षण करतो, असे शाळेत शिकलो. तोच वायू जमिनीलगत आला की विष होतो. तो कोणत्याही धुराड्यातून थेट बाहेर पडत नाही. वाहनांच्या आणि वीजकेंद्रांच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड, पेट्रोल, रंग आणि द्रावकांच्या वाफा, कचऱ्याच्या ढिगातून निघणारा मिथेन हे सारे उन्हात एकमेकांवर क्रिया करतात आणि त्यातून ओझोन तयार होतो. भर शहरात गाड्यांचा ताजा धूर त्यातला बराचसा ओझोन खाऊन टाकतो. हवा वाऱ्याबरोबर शहराबाहेर सरकली की खाणारा मागे राहतो आणि ओझोन साचत जातो. शहराच्या धुराचे हे अपत्य असे खेड्यात जाऊन मोठे होते.

पिकाचे दुर्दैव असे की कर्बवायू आत घ्यायला पानावर जी सूक्ष्म रंध्रे असतात, त्याच दारातून ओझोनही आत शिरतो. तो पेशींची आवरणे जाळतो. झाडाची शक्ती मग डागडुजीत खर्च होते, पान वेळेआधी पिवळे पडते आणि दाणा भरायचे दिवस कमी होतात. बाहेरून दिसले तर पानावर बारीक ठिपके दिसतात. ते कोळी किडीचे किंवा एखाद्या अन्नद्रव्याच्या कमतरतेचे म्हणून सहज खपून जातात. त्यावर एखादी फवारणीही होऊन जाते, आणि तिचा खर्च शेतकऱ्याच्या अंगावर पडतो.

ही गोष्ट शास्त्राला नवी नाही. 1944 च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या आसपास भाजीपाल्याच्या पानांवर अनोळखी डाग दिसू लागले. शहरातल्या लोकांचे डोळेही चुरचुरत होते, पण कारण कळत नव्हते. अननसाच्या स्वादावर काम करणारे रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी 1950 च्या आगेमागे दाखवून दिले की गाड्यांच्या आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या वाफांवर उन्हाची क्रिया होऊन शहरावरचे ते डोळे चुरचुरवणारे धुके बनते. 1958 मध्ये कॅलिफोर्नियातल्या द्राक्षाच्या पानांवरचे ठिपके ओझोनचे असल्याचे सिद्ध झाले. द्राक्षाचे पान! नाशिक आणि सांगलीच्या बागायतदाराला डाउनी आणि भुरी या रोगांची लक्षणे पाठ असतात. ओझोनच्या ठिपक्यांचे चित्र मात्र त्याच्या कोणत्याही पुस्तिकेत मी अजून पाहिलेले नाही.

आपल्याकडचा हिशेब पुण्यातच मांडला गेला. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील सचिन घुडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये जिल्हावार अंदाज प्रसिद्ध केला. या शतकाच्या पहिल्या दशकातल्या परिस्थितीत ओझोनमुळे देशाचा वर्षाला सुमारे 35 लाख टन गहू आणि 21 लाख टन तांदूळ बुडत होता. अन्नसुरक्षा कायद्याखाली दरवर्षी जेवढे धान्य लागते, त्याच्या हे साधारण 9.2 टक्के होते. दारिद्र्यरेषेखालच्या सुमारे 9 कोटी 40 लाख माणसांना ते पुरले असते. त्याच वर्षी जेनिफर बर्नी आणि वीरभद्रन रामनाथन यांचाही अभ्यास आला. 1980 पासून तापमान आणि प्रदूषण वाढले नसते, तर 2010 मध्ये भारतात गव्हाचा उतारा जेवढा आला असता, त्यापेक्षा तो 36 टक्क्यांपर्यंत कमी होता, असे त्यांचे गणित. या तुटीचा फार मोठा भाग, सुमारे 90 टक्के, त्यांनी काजळी आणि ओझोन यांच्या थेट परिणामांकडे लावला. हा आकडा सांख्यिकी प्रारूपातून निघाला आहे आणि त्यावर वाद घालता येईल. तो निम्मा धरला तरी कोणत्याही एका गारपिटीने देशाचा इतका गहू कधी नेलेला नाही.

मग हे नुकसान सरकारी कागदात दिसत का नाही? कारण कागदाची रचनाच तशी आहे. पीकविम्यात भरपाई ठरते ती उंबरठा उत्पादनावरून, आणि उंबरठा उत्पादन निघते मागच्या सात वर्षांतल्या सर्वांत चांगल्या पाच वर्षांच्या सरासरीतून. एका वर्षी अचानक पडलेला खड्डा या पद्धतीत दिसतो. दरवर्षी थोडी थोडी खचणारी जमीन दिसत नाही, कारण सरासरीही तिच्याबरोबर खाली जाते. पीक कापणी प्रयोग कितीही प्रामाणिकपणे केला, तरी त्याची तुलना होते ती त्याच हवेत वाढलेल्या कालच्या पिकाशी. स्वच्छ हवेत हे शेत किती पिकले असते, हा प्रश्न विचारायची जागाच त्या तक्त्यात नाही.

त्यात आता उष्णता. मार्च 2022 हा 1901 पासूनच्या नोंदींतला देशातला सर्वांत उष्ण मार्च ठरला. उत्तरेत गहू नेमका दाणा भरण्याच्या अवस्थेत होता. फेब्रुवारीतला सरकारी अंदाज 11 कोटी 13 लाख टनांचा होता. मेमध्ये तो 10 कोटी 64 लाखांवर आणावा लागला. एप्रिलमध्ये जगाला गहू पुरवण्याची भाषा चालू होती आणि 13 मे रोजी निर्यात बंद झाली. काही राज्यांत रेशनवर गव्हाच्या जागी तांदूळ आला. म्हणजे पंजाब-हरियाणाच्या आकाशात मार्चमध्ये जे घडते, त्याचा झटका पुढे शेकडो कोसांवरच्या रेशन दुकानात बसतो. आणि उष्ण, स्वच्छ उन्हाचे, वारा पडलेले दिवस हेच ओझोन तयार होण्याचे दिवस असतात. तापमान वाढले की ती भट्टी अधिक पेटते. हवामानबदल आणि प्रदूषण असे दोन बाजूंनी एकाच ओंबीवर येतात. आपण मात्र एकाची चर्चा परिषदांत करतो आणि दुसऱ्याची दिवाळीच्या आसपास.

इथे एक युक्तिवाद हमखास पुढे येतो: कर्बवायू हे तर झाडांचे अन्न, तो वाढला तर पीक वाढेलच की. अर्धे खरे आहे. गव्हाचा पसारा वाढतो, पण दाण्यातले सत्त्व घटते. सॅम्युअल मायर्स आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये उघड्या शेतांत केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष मांडले. या शतकाच्या मध्याला जेवढा कर्बवायू हवेत असेल तेवढ्या हवेत वाढवलेल्या गव्हात जस्त 9.3 टक्क्यांनी आणि लोह 5.1 टक्क्यांनी कमी भरले, प्रथिनेही घटली. आपल्या देशात 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार पाच वर्षांखालची 67 टक्के मुले आणि 57 टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आहेत. अशा घरात पोळीतून लोह आणखी कमी होणार असेल, तर वाढलेल्या पोत्यांचे कौतुक काय करायचे?

ज्वारी, बाजरी आणि मका यांची कर्बवायू वापरण्याची रीत वेगळी आहे. ज्वारी आणि मक्यातले पोषण या बदलाने फारसे घटत नाही, असे त्याच प्रयोगांत दिसले. ज्वारी उष्णताही गव्हापेक्षा जास्त सोसते. दोन पिढ्यांमागे मराठवाड्यात आणि सोलापूर-नगरकडे गव्हाची पोळी सणाला होई, रोजची भाकरी ज्वारीची असे. मग रेशनचा गहू आला, ज्वारीला भाव मिळेना, काढणीला मजूर मिळेना, आणि भाकरीचे ताट पोळीकडे सरकले. शेतकऱ्याला यात दोष देता येत नाही. ज्वारी कोणी घेईना तर तो ती का पेरील? पण ज्या पिकाला हवेचा आणि उष्णतेचा सर्वांत जास्त धोका, त्याच पिकावर आपण आपले जेवण आणून ठेवले, आणि हा निर्णय कोणी घेतला असे कुठेच लिहिलेले नाही.

आता छातीतला हिशेब. माझी आजी आयुष्यभर चुलीपुढे बसली. तुराट्या, पऱ्हाट्या, शेणाच्या गोवऱ्या. पावसाळ्यात जळण ओले असले की फुंकणीने फुंकून तिचे डोळे लाल होत. तिला खोकला होता. घरात त्याला आम्ही ‘आजीचा खोकला’ म्हणत असू, जसे आजीचे लुगडे, आजीचा डबा. ती येते आहे हे त्या खोकल्यावरून कळे. तिने आयुष्यात विडीला हात लावला नव्हता. शेवटी एका डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून विचारले, किती वर्षे ओढत होता? आम्ही सगळे गप्प झालो. ती गेली तेव्हा दाखल्यावर ‘वृद्धापकाळ’ असे लिहिले. ते खोटे नव्हते, ती म्हातारी होतीच. पण धूर त्यात कुठेच नव्हता.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की घरातल्या आणि बाहेरच्या हवेच्या प्रदूषणाने जगात वर्षाला सुमारे 70 लाख माणसे अकाली मरतात. भारतातला 2019 चा अंदाज 16 लाख 70 हजारांचा आहे. यावर आपल्या सरकारने संसदेत एकाहून अधिक वेळा एकच उत्तर दिले आहे: केवळ हवेच्या प्रदूषणामुळेच मृत्यू झाला, असा थेट संबंध सिद्ध करणारी निर्णायक माहिती उपलब्ध नाही. शब्दशः पाहिले तर वाक्य बरोबर आहे. धूर एकटा येऊन मारत नाही. तो हृदयविकाराला, पक्षाघाताला, दम्याला, बाळाच्या न्यूमोनियाला हात देतो आणि मागे सरतो. आणि माहिती येणार कुठून? 2020 मध्ये देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम 22.5 टक्क्यांना मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र होते. जिथे कारणच लिहिले जात नाही, तिथे कारण सापडत नाही असे म्हणणे सोपे असते.

लिहिता येते, हे लंडनच्या एका आईने दाखवले. एला किसी-डेब्रा ही नऊ वर्षांची मुलगी, घर वाहत्या रस्त्याजवळ. दम्याने तीन वर्षांत पुन्हा पुन्हा रुग्णालयात, आणि फेब्रुवारी 2013 मध्ये मृत्यू. पहिल्या चौकशीत श्वसन बंद पडले एवढेच लिहिले गेले. आई रोझामंड यांनी ते मान्य केले नाही. प्रा. स्टीफन होलगेट यांनी मुलीच्या आजारपणाच्या तारखा आणि जवळच्या मापनकेंद्रावरचे आकडे एकमेकांशी ताडून पाहिले. पहिला निष्कर्ष उच्च न्यायालयाने रद्द केला, पुन्हा चौकशी झाली, आणि डिसेंबर 2020 मध्ये तिच्या मृत्यूच्या कारणांत हवेचे प्रदूषण हे शब्द चढले. जवळजवळ आठ वर्षे लागली. पण त्या घराजवळ हवेचे मापन होत होते, म्हणून लागली तरी आठ वर्षेच. आजीच्या चुलीजवळ मापनयंत्र कुठले?

आपली मापनयंत्रे मुख्यतः शहरांत आहेत. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी 2019 मध्ये सुरू झाला तोही शहरांची यादी घेऊन, आणि त्या यादीत महाराष्ट्राची शहरे सर्वांत जास्त. त्यात गैर काही नाही. पण या आखणीत खेड्याची हवा मुळातच स्वच्छ मानली गेली. वणी-चंद्रपूरकडे कोळशाच्या वाहतुकीच्या रस्त्यालगत कापूस काळवंडतो ही शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे. ऊस तुटून गेला की पेटणारे पाचट कोल्हापूर-सांगलीपासून मराठवाड्यापर्यंत रात्री दुरून दिसते. चूल गॅस आल्यावरही पुरती विझलेली नाही, कारण सिलिंडर संपला की पुन्हा पैसे लागतात. यातले बरेचसे मोजलेच जात नाही. मानकांचेही तेच. पीएम 2.5 या अतिसूक्ष्म कणांची वार्षिक मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये 5 मायक्रोग्रॅमवर आणली. आपली 2009 पासून 40 आहे. उष्णतेला तर मदतनिधीच्या दारातच जागा नव्हती. 2021 ते 2026 या काळासाठी केंद्राच्या अधिसूचित आपत्तींच्या यादीत थंडीची लाट होती, उष्णतेची नव्हती. 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या मैदानात भर उन्हात बसलेल्या माणसांपैकी डझनाहून अधिक दगावली. त्यांची बातमी झाली, कारण ती एका सोहळ्यात होती. उसाच्या फडात, वीटभट्टीवर, कांद्याच्या काढणीत जे कोसळतात, त्यांना चक्कर आली असे म्हटले जाते.

एक आक्षेप मला गंभीर वाटतो, म्हणून त्याला उत्तर दिले पाहिजे. कोळशाच्या धुरातल्या गंधकापासून बनणारे कण सूर्यप्रकाश परत फेकतात आणि पृथ्वीला थोडी सावली धरतात. तो धूर साफ केला तर तापमान वाढेल, मग तो राहू दिलेला काय वाईट? प्रत्यक्षात तो राहू दिलाही गेला आहे. डिसेंबर 2015 मध्ये कोळशावरच्या वीजकेंद्रांना गंधक रोखण्याचे नियम लागू झाले, मुदत दोन वर्षांची होती. ती पुन्हा पुन्हा वाढत गेली आणि जुलै 2025 मध्ये बहुतेक केंद्रांना त्यातून सूटच मिळाली. सावलीचे भौतिकशास्त्र खरे आहे. पण ती सावली आपल्या फुप्फुसांतून वळवलेली आहे. शिवाय सूर्यप्रकाश अडला की जमीन आणि समुद्र यांच्या तापण्यातला फरक कमी होतो आणि मोसमी पावसाचा जोर ओसरतो. ज्या देशाची निम्मी शेती पावसावर, त्याने अशी सावली विकत घेणे शहाणपणाचे नाही.

दुसरा आक्षेप न्यायाचा. हवेतला साठलेला कर्बवायू मुख्यतः श्रीमंत देशांचा आहे, किंमत आपण का मोजायची? हे मला मान्य आहे, आणि जागतिक मंचावर भारताने तो मुद्दा सोडू नये. मात्र काजळी हवेत राहते काही दिवस, फार तर एकदोन आठवडे. ओझोन राहतो काही आठवडे. मिथेन साधारण बारा वर्षे. कर्बवायूचा काही भाग शतकानुशतके. आपल्या गव्हावर आणि आपल्या छातीवर आज जे बसते आहे, त्यातले बरेचसे आपल्याच मुलखातले आणि अल्पायुषी आहे. ते थांबवले तर फळ आपल्या नातवंडांना मिळण्याची वाट पाहावी लागत नाही, दोनचार हंगामांत उताऱ्यात दिसू शकते. देवनारसारखी कचऱ्याची मैदाने, जिथली जानेवारी 2016 ची आग उपग्रहातून दिसली होती, ती नीट हाताळली तर मिथेन कमी होतो आणि त्याबरोबर ओझोनही. पाचट न पेटवता सरीत कुजवले तर काजळीही टळते आणि खोडव्याला ओलही राहते. कृषी खाते हे वर्षानुवर्षे सांगते आहे. पण कुट्टी करणाऱ्या यंत्राचे भाडे अल्पभूधारकाला परवडेल अशी सोय गावात झाली पाहिजे, नुसत्या सांगण्याने काडेपेटी खिशातच राहणार नाही.

आणि मोजायला सुरुवात झाली पाहिजे, शेतातच. बनारस हिंदू विद्यापीठात मधूलिका अग्रवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाराणसीच्या परिसरात पारदर्शक भिंतींच्या, वरून उघड्या कोठड्या उभारून असे प्रयोग अनेक वर्षे केले. एका कोठडीत गाळलेली हवा सोडायची, दुसरीत भोवतालची तशीच, आणि दोन्हींत एकच वाण, एकच खत, तेवढेच पाणी. आपल्याकडे राहुरी, परभणी, अकोला आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठे आहेत. त्यांच्या शिवारफेरीला शेतकरी ट्रॅक्टर-ट्रॉल्या भरून येतात, नवे वाण बघतात, प्रश्न विचारून शास्त्रज्ञांना भंडावून सोडतात. त्या फेरीच्या वाटेवर गव्हाचे असे दोन वाफे असावेत. बाकी काही समजावून सांगायची गरज पडणार नाही. शेतकरी आधी एका वाफ्यातली ओंबी तोडील, तळहातावर चोळील, फुंकर मारून कोंडा उडवील आणि दाणे बघील. मग दुसऱ्या वाफ्याकडे जाईल.